उडी मीच मारली होती

खुबा मोडून खाटेवर पडलेल्या बायांसाठी हे लिहिते आहे. म्हातारपणी आपण सगळ्याच पडतो. कुणी मोरीत, कुणी गोठ्यात, कुणी नातवाच्या तीनचाकी गाडीवरून. पडल्यावर काय खावं, कसं उठावं, वॉकर कुठल्या उंचीचा घ्यावा, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. पडलो कसं, हे सांगताना खोटं बोलू नये, एवढं मात्र मला कुणी सांगितलं नाही. तेवढं मी सांगते.

माझं नाव सुमन. तिसगावात तीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. इस्त्रीची सुती साडी, काखेत रजिस्टर, आणि चार वर्षांच्या पोरींना सांगायचं काय, तर 'हाताची घडी, तोंडावर बोट, पोरीच्या जातीनं उड्या मारायच्या नाहीत.' त्या सुमनताईला आज कुठं गाठता आलं असतं, तर तिची ती कडक साडी मी जरा चुरगाळून टाकली असती.

चार पावलांची उडी

आमच्या घरामागं बांधकामातले उरलेले सिमेंटचे ठोकळे पडले होते. माझी नात प्रज्ञा, अकरावीतली, तिनं त्यांचे दोन ओटे रचले. माझ्या गुडघ्याहून थोडे उंच, मधे चार पावलांचं अंतर. एकावरून दुसऱ्यावर उडी मारायची आणि तिथं न डुलता थांबायचं. याला पार्कोर म्हणतात. भिंत, कठडा, पायरी, जे काही आडवं येईल ते आपल्या अंगाच्या बळावर ओलांडायचं. नगरला सुट्टीत ती आठवडाभर शिकून आली आणि मग तिनं नि तिच्या तीन मैत्रिणींनी गावचा बाजारतळ धरला. बाजाराचा दिवस सोडला तर तिथले सिमेंटचे ओटे रिकामेच असतात. सकाळी सहाला या चौघी तिथं.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि तोंड सोडायची. "माकडचाळे लावलेत नुसते!" विहारात वंदनेनंतर बाया बसल्या की तिथंही तेच. "आमची एक दिवस हाडं मोडून घेनार, लिहून ठेवा."

जानेवारीतली दुपार होती. मुलगा मिलिंद वायरमन आहे, तो ड्यूटीवर. सून वैशाली ब्लाऊज शिवते, ती अस्तर आणायला गेलेली. प्रज्ञा कॉलेजात. मी एकटी आणि ते दोन ओटे.

माझं माहेर सोनईच्या बाजूला, कालव्याच्या चारीकाठी. चौदा वर्षांची असताना दप्तर पाठीला बांधून मी तो चारीचा पाट एका उडीत ओलांडायची. भाऊ पाण्यात पडायचे, मी नाही. त्या सुमीला भारी घमेंड होती. तिला वाटायचं, आपल्यासारखी उडी पंचक्रोशीत नाही. त्या दुपारी ती शहाणी पन्नासेक वर्षांनी अंगात आली. मी पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या, ठोकळ्यांवर चढले. चपला घसरतील म्हणून काढायला लागले. एक काढली, दुसरीचा धीर धरवला नाही.

हवेत होते तोवर चौदा वर्षांची होते. खाली आले ती सदुसष्टची.

ओरडा ऐकून शेजारची लताबाई कुंपणाच्या फटीतून धावत आली. तोवर मी कशीबशी घसटत दाराकडं आले होते.

"अगं बया, सुमनताई! कशानं पडला?"

"पोरीच्या ठोकळ्यात पाय अडकला."

एका दमात निघालं ते. कळ इतकी होती की पाणी माग म्हटलं असतं तर शब्द सुचला नसता, पण खोटं मात्र अगदी तयार होतं.

डॉक्टरशीही

बोर्डावर अहिल्यानगर झालं तरी आमच्या तोंडात नगरच. लताबाई म्हणत होती, आधी हाडवैद्याकडं न्या, लेप लावील. मिलिंदनं ऐकलं नाही, टेम्पोत गादी टाकून सरळ नगरला नेलं. गचके खात जाताना तो माझा हात धरून बसला होता आणि एकच वाक्य बोलत होता. "त्या ठोकळ्यांचा बंदोबस्तच करतो आता."

तेव्हा बोलायचं होतं. मी डोळे मिटून घेतले.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "आजी, खुब्याचं हाड मोडलंय. आत रॉड टाकावा लागेल. किती उंचीवरून पडलात?"

"उंची कसली? चालता चालता अडखळले."

ते मिलिंदकडं वळले. "साधं अडखळून एवढं मोडलं म्हणजे हाडं फारच ठिसूळ दिसतात. पुढं जपायला लागेल. एकटीला सोडू नका."

झालं. त्या मिनिटापासून मी घरच्यांसाठी काचेची झाले. बायांनो, लाज वाटली तरी डॉक्टरला खरं सांगा. तो तुमच्या बोलण्यावरून पुढचा हिशेब बांधत असतो. माझा सगळा हिशेबच त्यानं चुकीचा बांधला, आणि चूक त्याची नव्हती.

भेटायला आलेली माणसं

ऑपरेशनची भीती मला फारशी आठवत नाही. बेडपॅनची आठवते. तीस वर्षं मी दुसऱ्यांची लेकरं धुतली, पण सुनेनं मला धुवायची वेळ आली तेव्हा भिंतीकडं तोंड करून रडले. वैशाली म्हणाली, "आत्याबाई, रडा खुशाल, पन जरा कुशीवर व्हा." तिचा हात शिवणकामाचा, हलका. कुठंही ओढाताण नाही. वॉर्डातली मावशी सकाळी केसांत थोडं तेल घालून वेणी घालायची, तेवढा वेळ मी पेशंट नसायची. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या मॅडमनी उभं केलं. मी त्यांना मनातल्या मनात अंगणवाडीत कधी न वापरलेल्या शिव्या दिल्या.

आणि भेटायला येणारे. आपल्याकडं माणूस दवाखान्यात पडलं की गाव लोटतं. केळी, ग्लुकोजची बिस्किटं, शहाळी. जो येईल तो टेकायच्या आधी विचारणार, "जयभीम सुमनताई, पडला कशा?" आणि मला सांगावं लागणार.

एकच गोष्ट दिवसातून सात वेळा सांगितली की ती वाढते. पहिल्या दिवशी ठोकळ्यात पाय अडकला होता. दुसऱ्या दिवशी ठोकळे वाटेतच होते. तिसऱ्या दिवशी, 'शंभरदा सांगितलं हुतं तिला, उचल म्हनून.' बाया चुकचुकायच्या. मला बरं वाटायचं. खरं लिहायचं तर दुखणं कमी वाटायचं.

चौथ्या दिवशी प्रज्ञा डबा घेऊन आली, तेव्हा मी तिच्या मैत्रिणीच्या, ऋतुजाच्या आईला, संगीताला, हेच सगळं रंगवून सांगत होते. पोरगी दारात उभी राहिली. सगळं ऐकलं. डबा कपाटावर ठेवला आणि चमचा पुसून दिला.

संगीता म्हणाली, "आमचीलाबी आजपासनं बंद. बास झालं." आठवड्यात बाकीच्या दोन आयांनीही तेच केलं. माझ्या एका पायानं चार पोरी घरी बसवल्या.

काचेची आजी

घरी आले तर मागचं अंगण साफ. मिलिंदनं ठोकळे कुणाला तरी देऊन टाकले होते. माझी खाट पुढच्या खोलीत, शिवणयंत्राशेजारी. मोरीपर्यंत वॉकर, मागं कुणीतरी. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला बंदी. मलाही ते हवंच होतं, कारण आता मला पडायची खरीखुरी भीती बसली होती. फरशीवर पाण्याचा थेंब दिसला तरी पाय थरथरायचा. खुबा जुळत होता आणि मी आखडत होते.

वैशालीची कामं तुंबली. गिऱ्हाईक दारातून परत जायला लागलं. एकदा तिचं नि मिलिंदचं माझ्या देखत वाजलं. "तुमची आई हाय म्हनून मी करते असं न्हाई, पन मला दोनच हात हायेत!" मग ठरलं, दुपारनंतर आजीजवळ प्रज्ञा बसेल. नाहीतरी तिला आता काही उद्योग नाही.

ती बसायची. विचारलं तर 'हं', नाहीतर तेही नाही.

आता सांगते, मी काय माहीत असून बोलत होते. दहावीला ही पोरगी परीक्षेच्या सकाळी उलट्या करायची. वर्गात नाव पुकारलं की पोटात कळ. मान कायम खाली. त्या ओट्यांवर सहा महिने काढल्यावर तिची मान वर आली. दोन भाकरी जास्त खायला लागली, पडल्या पडल्या झोपायला लागली. तळहात खरखरीत झाले, दंडात बळ आलं. दुकानात कुणी पुढं घुसलं तर म्हणायची, "काका, मी आधी आले." एकदा मी चिडवलं, भीती बिती वाटते का न्हाई, तर म्हणाली, "वाटतीच की आजी. मग तिला बारीक करायची. आधी खालचा ओटा, मंग त्याच्यावरचा. पेपरचंबी मी तसंच केलं."

हे सगळं मी खिडकीतून पाहिलं होतं. आणि 'माकडचाळे' म्हणत होते. का, ते आता कळतं. मला हेवा वाटत होता. नातीचा हेवा! लिहिताना पेन थांबलं, पण खोडत नाही.

चप्पल

दोन महिन्यांनी फिजिओच्या मॅडम म्हणाल्या, आता उंबरा ओलांडा, ओट्यावर बसा. मी उंबऱ्यापाशी जायची आणि परत फिरायची. तीनदा झालं. चौथ्यांदा प्रज्ञा मोबाईल ठेवून उठली.

"पायाकडं कशाला बघती? पाय कुटं पळून चाललाय का? जिथं ठेवायचाय तिथं बघ."

मी बघितलं.

"आता श्वास सोड. आधी चांगला पाय वर. हां. उतरताना दुखरा आधी."

उंबरा ओलांडला. चार इंचांचा लाकडाचा तुकडा, पण मी अशी दमले की जणू करंजीचा घाट चढून आले. बाहेरच्या ओट्यावर बसून दोघी उन्हाला लागलो. फार दिवसांनी ती बोलती झाली. "आमाला पहिल्यांदा उडी मारूच देत न्हाईत, आजी. आधी पडायला शिकवतात. अंग कसं सैल सोडायचं, भार कुटं घ्यायचा."

"पडायला शिकायला लागतंय व्हय? मी तर न शिकताच पडले."

मी हसले. ती हसली नाही.

"उडी मारताना ना?"

मी पदर सारखा करायला लागले.

"तुझी एक चप्पल वरच्या ठोकळ्यावर हुती. पप्पा तुला घेऊन गेल्यावर मीच उचलली."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तू बोलशील म्हनून."

एवढंच. आरडाओरडा केला असता तर मी आजी होऊन दोन शब्द सुनावले असते. तिनं मला तेवढीही जागा ठेवली नाही. मग तिनं सांगितलं की एप्रिलात नगरला पंधरा दिवसांचं शिबिर आहे. निवड झालीय. फॉर्मवर पप्पांची सही पाहिजे, आणि पप्पा म्हणतात, तुझ्या त्या खेळानं माझी आई मोडली. फॉर्म भरायला दहा दिवस उरले होते.

"सांगते मी मिलिंदला," मी म्हणाले. "आजच सांगते."

दहा दिवस

त्या दिवशी तो दमून आला होता. दुसऱ्या दिवशी पाहुणे. मग लाईट गेली म्हणून त्याला रात्रभर फोन. मग रविवार, आणि रविवारी कशाला घरात कटकट. पुढं कारणं शोधायचंही सोडलं. नुसती गप्प बसले. सदुसष्ट वर्षांची बाई, पोराच्या हसण्याला भ्याली. 'म्हातारी उड्या मारायला गेली' हे गावात फिरेल, विहारात बाया तोंडाला पदर लावतील, याची भीती मला पोरीच्या शिबिरापेक्षा मोठी वाटली.

प्रज्ञानं एकदाही आठवण केली नाही. रोज मला उंबऱ्याबाहेर नेलं, पायरी शिकवली, कठड्याला धरून एका पायावर उभं केलं. मॅडमना फोनवर विचारल्याशिवाय काही नवीन करू दिलं नाही, हे तुम्हीही लक्षात ठेवा. माझी मांडी घट्ट व्हायला लागली. झोप लागायला लागली. थेंब दिसला तर थरथर सुटत नव्हती, मी त्याला वळसा घालत होते. तिच्याच हातानं मी बरी होत होते आणि तिचीच तारीख जाऊ देत होते.

तारीख गेली.

दोन दिवसांनी तिचा वार्षिक परीक्षेचा पहिला पेपर होता. सकाळी मी चहा घेत होते आणि मोरीतून आवाज आला. पोरगी उलट्या करत होती. पाण्याचा नळ सोडला होता तिनं, आम्हांला ऐकू येऊ नये म्हणून.

मिलिंद पोहे खात होता. मी कप खाली ठेवला. "मिलिंद, मी अडकून पडले न्हाई. ठोकळ्यावर चढले आनि उडी मारली."

"कोनी?"

"मी."

तो आधी हसलाच. वैशालीकडं बघून म्हणाला, "गोळ्या बदलायला पायजेत काय आईच्या?" पण वैशालीनं मशिनचं चाक हातानं थांबवलं होतं. तिला पटलं होतं. "तरीच," ती म्हणाली. "तरीच निऱ्या खोचलेल्या हुत्या." लाज अशी असते बघा. इतके दिवस ती माझ्या साडीच्या खोच्यात बसली होती आणि सुनेनं पाहून ठेवली होती.

मिलिंदचा घास तसाच राहिला. "अडीच महिने मी त्या पोरीला बोल बोल बोललो," तो म्हणाला. मग उठून मोरीच्या दाराशी गेला. त्याला माफी मागता येत नाही, माझ्यावरच गेलाय. दाराबाहेरूनच म्हणाला, "प्रज्ञा, फॉर्म कुटंय तुझा?"

नळ बंद झाला. "तारीख गेली, पप्पा."

त्यानं फोन लावला. दोनदा लावला. जागा भरल्या होत्या. नंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, आणि जेवताना माझं ताट मात्र स्वतः आणून ठेवायचा. ते ताट गिळणं ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं.

तीन घरं

बाकीच्या तीन पोरी अजून घरीच होत्या. त्यांच्या आयांना फोन करून भागलं असतं. पण दवाखान्यात त्या माझ्यासमोर बसून ऐकून गेल्या होत्या, तेव्हा सांगायचं ते त्यांच्यासमोरच. मी प्रज्ञाला म्हणाले, मला चालत न्यायचं. एका दिवशी एक घर.

पहिल्या दोघी हसून हसून बेजार झाल्या. "आजीबाई, तुमीबी ना!" त्यांच्या हसण्यानं मी मेले नाही. ज्या हसण्याला भिऊन मी तारीख घालवली, ते एवढंसं होतं, चहाबरोबर संपलं.

तिसरी संगीता. ती हसली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे उडी मारली की मोडतंय, हे तर खरंच निघालं की हो!"

याचा मी विचारच केला नव्हता. माझं खरं माझ्या खोट्यापेक्षा वाईट निघालं.

"संगीता, मी न शिकता मारली. या पोरी शिकून मारतात."

"शिकून काय येतं, आजीबाई?"

तीन महिन्यांचा एक्स-रे चांगला आला होता आणि मॅडमनी नुकतंच जमिनीवर बसून उठायला परवानगी दिली होती. मी वॉकर बाजूला सारला. संगीताच्या अंगणातल्या फरशीवर आधी हात टेकले, मग चांगला गुडघा, मग कुशीवर, मग बसले. पाडव्यापासून रोज अंथरुणावर घोटवलेलं होतं, पण परक्या अंगणात फरशी जास्त खाली असते. उठताना मध्येच अडकले. दोन्ही हात जमिनीवर, एक गुडघा खाली, आणि अंग पुढं सरकेना. संगीता धरायला आली.

"काकू, थांबा," प्रज्ञा म्हणाली. ती माझ्यापासून दोन हात लांब उभी होती, हात खाली सोडून.

मी श्वास सोडला. टाच रोवली. भार मांडीवर घेतला आणि उठले. केस सुटले होते, पदर पायात आला होता, पण उभी होते.

दारामागून ऋतुजा बघत होती. तिच्या आईनं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "बघू," म्हणाली. "ह्यांना विचारते."

अजून विचारतेच आहे. बाजारतळावर सकाळी आता तिघी असतात.

तिच्या घरून निघालो, ऊन चढलं होतं. कोपऱ्यावर मला दम लागला, एका पारावर टेकले. प्रज्ञा समोर उभी राहून बाटलीचं झाकण उघडत होती. मी म्हणाले, "पुढच्या वर्षी जाशील ना गं शिबिराला?"

"पुढच्या वर्षी बारावी हाय, आजी."

ते मला माहीत असायला हवं होतं. मी पाणी प्याले. मग जे तीन आयांना सांगितलं, मुलाला सांगितलं, ते जिला सांगायचं राहिलं होतं तिला सांगितलं. "तुजं शिबिर मी घालवलं."

"व्हय," ती म्हणाली. "घालवलंस."

आमच्या घरात असं काही झालं की समोरचा लगेच 'जाऊ दे' म्हणतो, आणि ते खरंच जातं, कुणाच्या तरी अंगावरून. ती 'जाऊ दे' म्हणाली नाही. बाटलीला झाकण लावलं, वॉकर माझ्यापुढं आणून ठेवला आणि घरापर्यंत माझ्या चालीनं चालत आली.